विश्लेषण : अर्थ एक, वाक्ये चार! अ‍ॅपमधील मराठी नेमकी कुठे बिघडते?

ओतूरहून माळशेज घाटाच्या दिशेने निघाले की वाटेत डिंगोरे लागते. जुन्नर तालुक्याचा हा पट्टा शेतीचा. कांदा ओतूरच्या बाजारात जातो, टोमॅटो नारायणगावला. शेतकऱ्याच्या खिशात आता स्मार्टफोन असतो आणि सातबारा, पिकाची नोंद, बाजारभाव, हवामान, बँकेचा व्यवहार, विम्याचा अर्ज अशी बरीच कामे त्यावरच होतात. फोनची भाषा मराठी ठेवली तरी एका पडद्यावर ‘जतन करा’ दिसते, दुसऱ्यावर ‘साठवा’, तिसऱ्यावर ‘सेव्ह करा’ आणि चौथ्यावर अचानक इंग्रजी. असे काही दिसले की अनुवाद करणाऱ्याला नावे ठेवली जातात. प्रत्यक्षात अनेकदा घोळ त्याच्या कितीतरी आधी, मूळ इंग्रजी मजकूर लिहितानाच झालेला असतो. तो कसा होतो आणि टाळता कसा येईल, याविषयी.

‘जवळजवळ सारखी’ वाक्ये म्हणजे काय?

कोणत्याही अ‍ॅपमध्ये बटणे, शीर्षके, सूचना, इशारे असा मजकूर असतो. संगणकाच्या भाषेत अशा प्रत्येक तुकड्याला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. अनुवादकाकडे अ‍ॅप येत नाही, या स्ट्रिंगांची यादी येते. तो एकेक ओळ वाचून समोर मराठी लिहितो.

या यादीत अनेकदा अशा ओळी सापडतात : ‘कुड नॉट ओपन फाइल’, ‘अनेबल टू ओपन फाइल’, ‘फेल्ड टू ओपन द फाइल’ आणि ‘कान्ट ओपन फाइल’. चारही ओळींचा अर्थ एकच, ‘फाइल उघडता आली नाही’. कधी फरक याहूनही बारीक असतो. एका ओळीच्या शेवटी पूर्णविराम, दुसरीच्या नाही. एकीत ‘प्लीज’, दुसरीत नाही. एकीत तीन टिंबे, दुसरीत अपूर्णविराम. वापरणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. संगणकाला मात्र या चार वेगळ्या ओळी वाटतात, त्यामुळे अनुवादही चार वेळा मागितला जातो.

डेव्हलपर असे का लिहितात?

यात आळस कमी, कामाची पद्धत जास्त कारणीभूत आहे. एक अ‍ॅप अनेक जण मिळून बनवतात. लॉगिनचा पडदा एकाने लिहिला, अर्जाचा दुसऱ्याने, पावतीचा तिसऱ्याने, तोही सहा महिन्यांनी. प्रत्येकाने चुकीची सूचना आपापल्या इंग्रजीत लिहिली. आधी कोणी काय लिहिले आहे हे शोधण्यापेक्षा नवी ओळ टंकणे सोपे असते. प्रोग्राम चालतो, चाचणी होते, काम पुढे सरकते. कोड तपासणारा सहकारी एकच काम दोनदा लिहिलेले फंक्शन लगेच पकडतो, पण दोनदा लिहिलेल्या वाक्याकडे त्याचे लक्ष जात नाही. अभियांत्रिकीच्या वर्गात ‘एकच गोष्ट पुन्हा लिहू नका’ हा नियम पहिल्या वर्षापासून शिकवला जातो. तो कोडला लागू होतो तसा मजकुरालाही होतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

याचा भार किती?

समजा, एका अ‍ॅपमध्ये १,००० स्ट्रिंग आहेत आणि त्यांतील १२० निव्वळ अशा पुनरुक्त आहेत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. अ‍ॅप या सर्व भाषांत न्यायचे ठरले तर १२० गुणिले २२ म्हणजे २,६४० अनावश्यक अनुवाद. प्रत्येकाला वाचणे, आधीचा अनुवाद शोधणे, लिहिणे आणि तपासणे मिळून दोन मिनिटे धरली तरी ५,२८० मिनिटे, म्हणजे ८८ तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर ११ दिवस. मूळ मजकूर लिहिणाऱ्याचा एखाददुसरा तास वाचला आणि त्याची किंमत अनुवादकांनी ११ दिवसांनी मोजली.

हे गणित काल्पनिक आहे, पण त्यातला गुणाकार काल्पनिक नाही. मूळ मजकुरातील एक चूक जितक्या भाषा तितक्या पटींनी वाढते. पगारी अनुवादात प्रश्न थेट पैशाचा असतो, कारण तिथे दर सहसा शब्दामागे ठरतो. आधीच्या अनुवादाशी तंतोतंत जुळणाऱ्या ओळीला कमी दर, थोड्या वेगळ्या ओळीला मधला, नव्या ओळीला पूर्ण. म्हणजे एका पूर्णविरामाच्या फरकाचेही बिल लागते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अनुवाद बहुतेकदा स्वयंसेवक करतात, म्हणून तिथे बिल येत नाही. तिथे माणूस कंटाळून निघून जातो.

मराठीचे नुकसान वेगळे का?

पहिले कारण लिपीचे. इंग्रजीत शीर्षकात प्रत्येक मुख्य शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहितात, साध्या वाक्यात तसे लिहीत नाहीत. त्यामुळे ‘सेव्ह फाइल’ ही ओळ यादीत दोनदा येते, एकदा फाइलचा एफ मोठा आणि एकदा लहान. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेदच नाही. मराठीत दोन्हींचे उत्तर अक्षर न अक्षर सारखे, तरी अनुवादकाला ते दोनदा द्यावे लागते. जो फरक आपल्या लिपीत अस्तित्वातच नाही, त्यासाठीही मराठी माणसाचा वेळ जातो.

दुसरे कारण माणसांचे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाखांहून अधिक आहेत. त्या मानाने सॉफ्टवेअरचे मराठीकरण मनापासून करणारे हात फार थोडे. हात थोडे असताना काम फुगवले की यादी अर्धवट राहते. जी ओळ राहिली ती पडद्यावर इंग्रजीत दिसते.

तिसरे कारण विसंगतीचे. चार सारख्या ओळी यादीत एकाखाली एक नसतात. पहिली ४०व्या क्रमांकावर, दुसरी ३१०व्या, तिसरी ७००व्या. मधल्या काळात अनुवादक बदललेला असतो किंवा त्याच अनुवादकाला आठवड्यापूर्वी आपण काय लिहिले ते आठवत नसते. मग ‘फाइल उघडता आली नाही’, ‘फाइल उघडण्यात अपयश’, ‘धारिका उघडण्यास असमर्थ’ अशी तीन मराठी वाक्ये तयार होतात. इंग्रजीतली सैल पुनरुक्ती मराठीत गोंधळ होऊन उतरते, ती अशी.

पूर्णविराम बदलला की मराठी गायब?

हे खरेच घडते. लिनक्सच्या जगात अनुवादासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे ‘गेटटेक्स्ट’. यात मूळ इंग्रजी वाक्य हीच त्या ओळीची ओळख असते. डेव्हलपरने वाक्यात स्वल्पविराम घातला किंवा ‘प्लीज’ काढले, की प्रणालीच्या दृष्टीने ते नवे वाक्य होते. जुना मराठी अनुवाद फेकला जात नाही, त्याच्यावर ‘फझी’ असा शिक्का बसतो. अर्थ असा की हा अनुवाद बहुधा जुळतो, पण माणसाने पाहिल्याशिवाय तो ग्राह्य नाही. असा शिक्का असलेली ओळ सामान्यतः तयार प्रोग्राममध्ये घेतली जात नाही. परिणामी कालपर्यंत मराठीत दिसणारी सूचना आज इंग्रजीत दिसते. अर्थात काडीचा बदल नाही, तरीही.

म्हणूनच ‘नोम’सारख्या प्रकल्पांत वर्षातून दोनदा येणाऱ्या प्रत्येक आवृत्तीपूर्वी ‘स्ट्रिंग फ्रीझ’ असतो. त्या तारखेनंतर परवानगीशिवाय मजकुराला हात लावायचा नाही. अनुवादकाच्या वेळेला मान देणारा हा साधा नियम आहे. आपल्याकडे अ‍ॅप बनवणाऱ्या प्रत्येक खात्याने आणि कंपनीने तो उचलायला हवा.

मग सारखे दिसणारे सगळे एक करून टाकायचे?

नाही. इथेच उत्साही डेव्हलपर दुसऱ्या टोकाला जातात. एक अर्थ आणि अनेक वाक्ये, हा दोष आहे. पण एक शब्द आणि अनेक अर्थ, असे असेल तिथे ओळी वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

इंग्रजी ‘क्लिअर’ घ्या. हवामानाच्या पडद्यावर त्याचा अर्थ ‘निरभ्र’, अर्जाच्या पडद्यावर ‘पुसून टाका’. दोन्हीकडे एकच ओळ वापरली तर कुठल्यातरी एका ठिकाणी विनोद होणार, आणि काढणीच्या दिवसांत हवामान पाहणाऱ्याला तो विनोद परवडत नाही. ‘ऑर्डर’ म्हणजे क्रम, मागणी की आदेश? ‘होम’ म्हणजे घर की मुख्य पान? ‘ओपन’ हे बटण असेल तर ‘उघडा’, बाजार समितीची वेळ सांगत असेल तर ‘सुरू आहे’.

लिंगाचा मुद्दा त्याहून नाजूक. इंग्रजीत ‘न्यू’ आणि ‘डिलीटेड’ सर्वांना चालतात. मराठीत फाइल नवी, फोल्डर नवा, छायाचित्र नवे. फाइल हटवली, फोल्डर हटवला, छायाचित्र हटवले. तीन ठिकाणी एकच ‘डिलीटेड’ वापरून डेव्हलपरने दोन ओळी वाचवल्या, तर मराठीत किमान दोन ठिकाणी व्याकरण मोडते.

यावर उपाय आहेत. गेटटेक्स्टमध्ये ओळीसोबत संदर्भ जोडता येतो, म्हणजे शब्द एकच असला तरी ‘हवामान’ आणि ‘अर्ज’ या दोन चिठ्ठ्यांमुळे त्याच्या दोन स्वतंत्र ओळी होतात. मोझिलाने फायरफॉक्ससाठी ‘फ्लुएंट’ ही पद्धत विकसित केली आणि २०१९ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य एकच असले तरी अनुवादकाला आपल्या भाषेच्या गरजेप्रमाणे लिंग-वचनाचे पर्याय लिहिता येतात. साधने आहेत. वानवा आहे ती वापरण्याच्या सवयीची.

‘डिंगोरे मध्ये’ की ‘डिंगोऱ्यात’?

पुनरुक्ती टाळण्याचा आणखी एक चुकीचा मार्ग म्हणजे वाक्याचे तुकडे करून जोडणे. डेव्हलपर एकच साचा बनवतो : ‘वेदर इन’ आणि पुढे गावाचे नाव. इंग्रजीत पुणे असो, जुन्नर असो वा डिंगोरे, वाक्य बरोबर बसते. मराठीत नाम प्रत्यय लागण्यापूर्वी रूप बदलते. पुणे, पण पुण्यात. डिंगोरे, पण डिंगोऱ्यात. मढ मात्र मढमध्ये. साच्यातून बाहेर पडते ‘डिंगोरे मध्ये हवामान’. अर्थ कळतो, पण आपल्याच गावाचे नाव परक्याने उच्चारल्यासारखे वाटते.

अशा वेळी अनुभवी अनुवादक वाक्याची रचनाच बदलतो : ‘हवामान : डिंगोरे’. रूप बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. पण हे तेव्हाच शक्य होते, जेव्हा पूर्ण वाक्य एकाच ओळीत मिळते. ‘वेदर’, ‘इन’ आणि गावाचे नाव असे तीन तुकडे वेगळे आले तर अनुवादकाचे हात बांधलेले असतात.

वचनाचेही तसेच. ‘वन रेकॉर्ड फाउंड’, ‘रेकॉर्ड्स फाउंड’, ‘फाउंड रेकॉर्ड्स’ अशा तीन ओळी लिहिण्यापेक्षा एकवचन-अनेकवचनाची जी तयार सोय गेटटेक्स्टमध्ये आणि अँड्रॉइडमध्येही आहे ती वापरली, तर ‘१ नोंद सापडली’ आणि ‘५ नोंदी सापडल्या’ एकाच नोंदीखाली नीट लिहिता येतात.

पुण्यात यावर काम झाले आहे का?

झाले आहे, आणि मोलाचे झाले आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीडॅकचा मोठा वाटा आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात रेड हॅटच्या पुण्यातील भाषा-चमूने आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे काम केले. २००८ मध्ये रेड हॅटच्याच पुढाकाराने ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला. संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणारे शब्द आणि वाक्ये निवडून त्यांचे भारतीय भाषांतील प्रतिशब्द भाषेच्या जाणकारांसोबत बसून एकदाच ठरवायचे, ही त्यामागची कल्पना. मराठीही त्यात होती.

सरकारी बाजूला भाषा संचालनालय १९६० पासून आहे. त्याचे परिभाषा कोश आणि शासन व्यवहारातील शब्दसंग्रह उपलब्ध आहेत. राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून काम करते आहे. म्हणजे कोणता शब्द वापरावा, याची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. ‘फाइल’ की ‘धारिका’, यावर वाद घालायला आपल्याला आवडतेही. पण शब्द कितीही चांगला ठरवला तरी मूळ यादीच विसकळीत असेल, तर तो चार ठिकाणी चार रूपांत जाणार. शब्दकोशाइतकेच लक्ष आता मूळ मजकुराच्या शिस्तीकडे द्यायला हवे.

यंत्र अनुवाद करत असताना ही चिंता कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ २०२२ मध्ये आली, खासगी कंपन्यांची साधनेही झपाट्याने सुधारत आहेत. हजार ओळींचा अनुवाद काही मिनिटांत होत असेल, तर १२० पुनरुक्तींचे काय मोठेसे?

पण यंत्राने श्रम वाचतात, विसंगती वाचत नाही. थोड्या वेगळ्या इंग्रजी वाक्याला यंत्र थोडे वेगळे मराठी वाक्य देते. आणि यंत्राला पडदा दाखवला नाही, तर ‘क्लिअर’ म्हणजे निरभ्र की पुसा, हे त्यालाही अंदाजानेच ठरवावे लागते. शेवटी तपासायला माणूस बसतोच. तपासणाऱ्याला १,००० ऐवजी ८८० ओळी दिल्या तर तो त्या नीट तपासेल. उलट यंत्राच्या भरवशावर तपासणीच वगळली, तर मूळ मजकुरातील पसारा थेट वापरणाऱ्याच्या पडद्यावर येईल.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट फुकट आहे. सगळ्या स्ट्रिंग एका तक्त्यात घ्या, मोठी-लहान अक्षरे आणि विरामचिन्हे बाजूला ठेवा आणि अकारविल्हे लावा. अनेक जुळी भावंडे लगेच शेजारी येतात.

दुसरी त्याहून उपयोगी. पूर्ण झालेली मराठी फाइल उलटी वाचा. एकाच मराठी वाक्यासमोर तीन इंग्रजी वाक्ये दिसली, तर ती तीन एक करण्यासारखी आहेत का ते पाहा. एकाच इंग्रजी शब्दासमोर दोन मराठी शब्द दिसले, तर तिथे संदर्भाची चिठ्ठी हवी आहे का ते पाहा. मराठी अनुवाद हा इंग्रजी मजकुराचा सर्वांत चांगला तपासनीस ठरू शकतो. वर्डप्रेससारख्या मोठ्या प्रकल्पांत सारख्या ओळी एकत्र करण्याची कामे नियमित होतात, त्यात अनुवादकांनी दाखवलेल्या ओळींचा मोठा उपयोग होतो.

तिसरी गोष्ट खबरदारीची. एकत्र करताना चारपैकी जे वाक्य सर्वाधिक भाषांत आधीच अनुवादित आहे ते ठेवा आणि बाकीची तीन काढा. ‘अधिक चांगले’ पाचवे वाक्य लिहिण्याचा मोह झाला, तर आधीचे चारही अनुवाद वाया जातात आणि सर्व भाषांत ती सूचना पुन्हा इंग्रजीत दिसू लागते. हे काम आवृत्ती प्रसिद्ध होण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, सुरुवातीला आणि एका दमात करावे.

चौथी गोष्ट सरकारची. राज्य सरकारच्या कामाची भाषा मराठी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अ‍ॅपचे कंत्राट देताना ‘मराठीत उपलब्ध असावे’ एवढे लिहून भागत नाही. मूळ मजकूर पुनरुक्तीमुक्त असावा, प्रत्येक ओळीसोबत ती कुठल्या पडद्यावर येते याची टीप असावी आणि मराठी जाणणाऱ्याने प्रत्यक्ष पडद्यावर ती तपासलेली असावी, या तीन अटी घातल्या तर खर्च वाढण्यापेक्षा कमी होण्याचीच शक्यता अधिक.

यात पणाला काय लागले आहे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर मोबाइलवरून स्वतः करण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला. ही मोठी गोष्ट आहे. पण अशा कोणत्याही अ‍ॅपमध्ये स्वतः नोंद करायची, तर पडदा स्वतः वाचता आला पाहिजे. काल ‘जतन करा’ होते, आज ‘साठवा’ आहे, म्हणजे हे वेगळे बटण आहे का, अशी शंका आली की माणूस थांबतो. मुदत जवळ आलेली असते. मग तो पुतण्याला फोन देतो किंवा सेवा केंद्रात जाऊन पैसे मोजतो. काही वेळा ओटीपीही दुसऱ्याला सांगावा लागतो. एका बटणाची खात्री नसल्यामुळे स्वतःच्या व्यवहाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते.

डिंगोऱ्यातला माणूस अडाणी आहे म्हणून तो अडत नाही. हिंजवडीत किंवा बंगळूरुत बसून कोणीतरी एकच गोष्ट चार तऱ्हांनी लिहिली आणि ती एकदा वाचून पाहिली नाही, म्हणून तो अडतो. पुढच्या वेळी नवी सूचना लिहिण्यापूर्वी डेव्हलपरने जुन्या यादीत एकदा शोधून पाहावे. त्याला अर्धा मिनिट लागेल. त्या अर्ध्या मिनिटात २२ भाषांतले काम वाचेल, आणि माळशेजच्या वाटेवर एखाद्याला बटण दाबण्यापूर्वी कोणाला विचारावे लागणार नाही.